एका ध्येयाची तीन पुस्तके

धोंडो केशव कर्वे यांनी आपले 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. फर्ग्युसन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकीतून ते आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. हिंगण्याचा आश्रम उभा राहिला होता, महिला विद्यालय चालू होते, मुले हाताशी आली होती. त्या काळच्या हिशेबाने सत्तावन्न म्हणजे आवराआवरीचे वय. आता आपण काय काय केले ते एकदा सांगून मोकळे व्हावे, अशा बेताने लिहिलेले हे पुस्तक आहे. आणि गंमत अशी, की पुस्तक बाहेर पडल्यानंतर वर्षभराच्या आत, जून १९१६ मध्ये, त्यांनी भारतवर्षीय महिला विद्यापीठ काढले. ज्या कामामुळे त्यांचे नाव देशभर झाले ते काम 'आत्मवृत्ता'च्या पहिल्या आवृत्तीत नाहीच. लेखकाला ते अजून सुचलेले नव्हते! पुढे ते आणखी सत्तेचाळीस वर्षे जगले. १९५८ साली शंभर वर्षे पुरी झाली तेव्हा भारतरत्न झाले, आणि १९६२ च्या नोव्हेंबरात एकशे चार वर्षांचे होऊन गेले.

ही गोष्ट मी मुद्दाम आरंभी सांगत आहे. कारण शाळेतल्या बक्षीस समारंभापासून व्याख्यानमालांपर्यंत कर्व्यांचे नाव घेतले जाते ते 'तरुणपणी ध्येय ठरवले आणि जन्मभर त्याच्यामागे चालले' अशा पुरुषाचा नमुना म्हणून. त्यांचे स्वतःचे पुस्तक मात्र असे काही सांगत नाही.

आमचे नांदे हे मुळशी तालुक्याच्या पुण्याकडच्या अंगाचे गाव. एका बाजूस लवळ्याच्या टेकडीवरचे विद्यापीठ, पलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती, आणि मधल्या भागात भातखाचरे हळूहळू कमी होत जाऊन उंच घरे उठत चाललेली. इथल्या पोरांच्या तोंडी हल्ली 'ध्येय' हा शब्द फार. पाडव्याला पूर्वी वाण्याच्या दुकानात नवी वही पुजली जाई. आता घरोघर रोजनिशी येते आणि तिच्या पहिल्याच पानावर 'माझी या वर्षाची ध्येये' असे छापून खाली दहा रेघा आखलेल्या असतात. मला या रेघांची चेष्टा करावयाची नाही. माणसाने काही ठरवावे हे केव्हाही चांगलेच. बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुणांचा तक्ता आखून रोज रात्री चुकीच्या रकान्यात काळा ठिपका देण्याचा नेम केला होता, आणि 'सुव्यवस्था' या रकान्यातले ठिपके आपल्याला कधी पुसता आले नाहीत, असे त्यानेच आपल्या आत्मचरित्रात हसत हसत सांगितले आहे. पुढे १८५९ साली सॅम्युएल स्माइल्सचे 'सेल्फ-हेल्प' निघाले, आणि तेव्हापासून यशस्वी माणसांच्या गोष्टी सांगून तरुणांना कामाला लावणाऱ्या पुस्तकांचा ओघ जगात कधी आटला नाही. मराठीत तर त्याला उधाणच आहे. या साऱ्या पुस्तकांत फ्रँकलिनचा तक्ता असतो. फक्त त्याचे हसणे तेवढे गळालेले असते.

'आत्मवृत्त' या जातीचे पुस्तक नाही, हे त्याची दहा पाने वाचली की कळते. त्यात भाषेचा डौल नाही, अलंकार तर औषधालाही नाहीत. गणिताच्या मास्तराने पायऱ्या न गाळता उदाहरण सोडवावे तसे कर्वे लिहितात. मुरूडहून साताऱ्यापर्यंतची ती प्रसिद्ध पायपीट घ्या. परीक्षेला बसण्यासाठी चार मुले पावसापाण्यात शंभरावर मैल चालत जातात, आणि अंगकाठी लहान म्हणून परीक्षक धोंडूला सतरा वर्षांचा मानावयास तयार होत नाहीत. आल्या पावली परत! एखाद्या सराईत लेखकाने इथे वाचकाच्या डोळ्यांतून पाणी काढले असते, आणि त्याच ठिकाणी 'तेव्हाच मी निश्चय केला' असे एक वाक्यही घातले असते. कर्वे दोन्ही करीत नाहीत. घडले ते सांगतात आणि पुढे जातात. आपल्याला चार माणसांत बोलता येत नसे, आपण लाजाळू होतो, हेही ते तशाच सुरात सांगतात. या पुस्तकाची सारी प्रतिष्ठा या सपाट सुरात आहे असे मला वाटते. जो माणूस अपयश सांगताना आवाज चढवत नाही, त्याने यश सांगितले की ते खरे वाटते.

आता त्यांच्या ध्येयाचा प्रवास पाहा. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बालविधवा बहीण, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर मुरूडकरांनी बहिष्काराचा ठराव केला. त्याच वर्षी कर्व्यांनी पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. म्हणजे पहिले ध्येय पुनर्विवाह. तीन वर्षे त्यात घालवल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की या वाटेने येणाऱ्या विधवा बोटांवर मोजण्याइतक्याच असणार. लग्नास तयार नसलेल्या, किंवा लग्न ज्यांच्या बापाला परवडणार नाही अशा शेकडो जणी घरोघर राबत राहणारच. तेव्हा १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला, आणि आश्रमात विधवांची लग्ने लावली जाणार नाहीत असे त्यांनी लोकांना वचन दिले. स्वतः पुनर्विवाह केलेल्या माणसाने! १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. जागा गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली. दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवावे, संध्याकाळी चिखल तुडवत पायी हिंगणे गाठावे, असा क्रम चालला. तिथे काम करताना कळले, की विधवा होण्याची वाट न पाहता मुलींना आधीच शिकवले पाहिजे, म्हणून १९०७ साली महिला विद्यालय. संस्थेला आयुष्य वाहणारी माणसे लागतात, म्हणून १९०८ साली निष्काम कर्ममठ. मग जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका हाती आली. १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले, त्या भाषणाच्या तयारीत ती पुस्तिका मनात घोळू लागली आणि विद्यापीठाची कल्पना पुढे आली. १९२० साली ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी मिळाली. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. १९४४ साली समता संघ.

या यादीत एकाही ठिकाणी 'हे मी पंचविसाव्या वर्षी ठरवले होते' असे म्हणण्याची सोय नाही. प्रत्येक काम आधीच्या कामाच्या उणिवेतून निघाले. हातातले काम जिथे अडले तिथेच पुढचे ध्येय सापडले, आणि अडले आहे हे कबूल करण्याइतका हा माणूस प्रामाणिक होता. रोजनिशीतल्या दहा रेघांवर हे लिहिता येत नाही. तिथे ध्येय आधी आणि काम नंतर असते. 'आत्मवृत्ता'त काम आधी आहे.

इथवर मी कर्व्यांचा वकील. आता दुसरी बाजू. ती मला दाखवली आमच्या आळीतल्या एका सूनबाईंनी. लग्न झाले तेव्हा त्यांचे बी. ए.चे दुसरे वर्ष अर्धे राहिले होते. आता चौतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून ते पुरे करावे असे त्यांच्या मनात आहे. सासूबाई वाईट नाहीत, पण स्पष्ट आहेत. "तिचं ध्येय ते तिचं, पण भाकऱ्या कुणाच्या?" असे त्या ओसरीवर बसून सर्वांदेखत विचारतात. मी सूनबाईंना 'आत्मवृत्त' वाचावयास दिले. आठवड्याने त्यांनी ते परत आणले, नीट वर्तमानपत्राचे वेष्टन घालून. म्हणाल्या, "काका, पुस्तक फार चांगलं आहे. पण मला एक सांगा, हे हिंगण्याला चालत जायचे तेव्हा यांच्या घरी स्वयंपाक, पोरं, दुखणीबाणी कोण बघत होतं?"

टीकाकारांनी या पुस्तकावर आजवर जे लिहिले त्यातले बरेचसे मी वाचले आहे. इतका नेमका प्रश्न मला त्यात भेटला नाही.

आणि हा प्रश्न मुळशी तालुक्यात निघावा यात नवल तरी काय? मुंबईला वीज मिळावी हे ध्येय काही वाईट नव्हते. पण त्यासाठी टाटांच्या कंपनीचे धरण वर मुळशी खोऱ्यात व्हावयाचे ठरले, तेव्हा ज्यांची भातशेते आणि देवळे पाण्याखाली जाणार होती ते मावळे १९२१ साली सत्याग्रहाला बसले. सेनापती बापटांचे नाव त्यातूनच घरोघर झाले. लढा तीन वर्षे चालला, धरण झालेच. एकाच्या ध्येयाचा खर्च दुसऱ्याच्या नावे कसा पडतो, हे या तालुक्याला कुणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

सूनबाईंच्या प्रश्नाला 'आत्मवृत्ता'त उत्तर जवळजवळ नाही. घरच्या माणसांविषयी कर्वे हात आखडून लिहितात. तो संकोचही असेल, काळाची रीतही असेल. पण हिशेबाची वही म्हणून पाहिले तर तिची जमेची बाजू चोख आणि खर्चाच्या बाजूला बरीच कोरी जागा, असे म्हणावे लागते. सुदैवाने ती जागा भरून निघाली, आणि ती त्याच घरात भरली गेली. कर्व्यांच्या पत्नी, म्हणजे लग्नानंतर आनंदीबाई झालेल्या आणि सर्वांच्या 'बाया' असलेल्या त्याच गोदूबाई, यांचे 'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले. संपादन सून कावेरी कर्वे यांचे.

नाव पाहा. नवऱ्याचे ते 'आत्मवृत्त', हिचे 'पुराण'. आपल्या बडबडीला आपणच पुराण म्हणून मोकळे होणारी ही बाई मराठी गद्याची केवढी धनीण होती! वाक्ये बोलण्याची, कोकणी घरातल्या माजघराची. राग आला तर राग, हसू आले तर हसू. पुढे काय सांगावयाचे याची आखणी नाही, पण जे आठवते ते डोळ्यांपुढे उभे राहते. बालवयात आलेले वैधव्य, भावाच्या मुंबईच्या बिऱ्हाडी राबणे, शारदा सदनात मोठ्या वयात मुळाक्षरांपासून आरंभ, आणि मग हे लग्न. ज्या लग्नाचा डंका समाजसुधारणेच्या इतिहासात वाजला, त्याच लग्नातल्या बाईला सणासमारंभाला कुणी बोलावीत नसे. आश्रमाची निंदा होऊ नये म्हणून पुनर्विवाहितेने तिथून जरा दूरच असावे, असाही प्रकार होता. पगारातले पैसे आश्रमाकडे जात. पुढे आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही कर्व्यांनी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा बाया भांडल्या. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर या मुलांना मी काय खायला घालू, हा त्यांच्या भांडणाचा मुद्दा. या मुद्द्याला कोणत्याही थोर तत्त्वज्ञानाने उत्तर दिल्याचे मला माहीत नाही. बायांनी स्वतःच उत्तर काढले: सुईणीचे शिक्षण घेतले, घरात जेवणारे विद्यार्थी ठेवले, आणि चार पैसे गाठीला बांधले.

काही वाचक यावरून लगेच निकाल देतात. पूर्वीचे म्हणत, बायांनी घरातले धुणे चव्हाट्यावर धुवावयास नको होते. हल्लीचे म्हणतात, बघा, तुमचे महर्षी घरात असे होते! दोन्ही निकाल मला उथळ वाटतात. पहिल्याला पुस्तक नको आहे, दुसऱ्याला पुस्तकातला फक्त पुरावा हवा आहे. 'माझे पुराण' हे कर्व्यांवरचे आरोपपत्र नव्हे. नवऱ्याच्या कामाचे मोल बायांना कळत होते. त्याच्याबरोबर त्या आफ्रिकेपर्यंत हिंडून आल्या होत्या. पण मोल कळले म्हणून किंमत मोजताना हात दुखत नाही असे थोडेच आहे? बायांनी आपला दुखरा हात दाखवला. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की हे पुस्तक कर्वे शहाऐंशी वर्षांचे असताना, त्यांच्या हयातीत, त्यांच्याच सुनेच्या हातून निघाले. थोर पुरुषांच्या कुटुंबांत कागद जाळण्याची रीत असते. या घराने खर्चाची वही छापून वाचकांच्या हाती दिली. कर्व्यांच्या थोरवीचा एवढा मोठा दाखला 'आत्मवृत्ता'तही नाही.

तिसरे पुस्तक त्या मानाने कमी वाचले गेले. पार्वतीबाई आठवले या बायांच्या सख्ख्या बहिणीचे 'माझी कहाणी' १९२८ साली आले, म्हणजे 'पुराणा'च्या सोळा वर्षे आधी. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा, देवरूखच्या माहेरी केशवपन झालेले डोके. बहिणीच्या घरी येऊन वयाच्या पंचविशीनंतर त्या शिकू लागल्या, आश्रमात दाखल झाल्या आणि त्याच्यासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. पुनर्विवाह त्यांनी स्वतः केला नाही, आणि त्यांच्या विचारांत जुने पुष्कळ राहिले होते. स्त्रीधर्माविषयी त्या लांबलचक उपदेश करतात, आणि तेवढी पाने मला स्वतःला कंटाळवाणी वाटतात. बायांची जीभ त्यांच्याजवळ नाही. त्यांची वाणी सभेची आहे.

पण दुसऱ्याचे ध्येय आपले मानणे म्हणजे काय, ते पाहावयाचे तर याच पुस्तकात पाहावे. कर्व्यांचा आश्रम हे पार्वतीबाईंचे ध्येय नव्हते. ते त्यांना मेहुण्याकडून मिळाले. त्यांनी ते इतके अंगी लावून घेतले, की आश्रमासाठी हात पसरताना लोक तोंडावर काय बोलतील याची पर्वा राहिली नाही. विधवेचा वेष हा वर्गणी मागताना एक परवानाच होता, कारण त्या वेषातल्या बाईला जुन्या घरांतही शिरता येई. पुढे एके दिवशी त्यांनी तोही वेष टाकला. आणि मग, १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ही बाई इंग्रजी शिकावयाचे म्हणून एकटी अमेरिकेला गेली! महायुद्ध अजून संपावयाचे होते. तिथे त्यांनी परक्यांच्या घरी मोलकरणीचे काम केले, भांडी घासली आणि दोन वर्षांनी परत आल्या. हे इंग्रजी मात्र त्यांचे स्वतःचे होते. संस्थेला त्याचा उपयोग होईल असे त्या म्हणतात, तो झालाही असेल. पण मला त्यामागे एक साधा, हट्टी, खाजगी हव्यास दिसतो. जन्मभर दुसऱ्याचे काम उचलून नेणाऱ्या बाईने एकदाच एक वस्तू स्वतःसाठी मागितली. ती मिळवण्यासाठी तिला सातासमुद्रापलीकडे जाऊन पुन्हा भांडीच घासावी लागली, हे मात्र मला कधी नीट हसूही देत नाही आणि रडूही.

मराठीत यापेक्षा मोठी आत्मचरित्रे आहेत, हे मला मान्य आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' एकटीच अशी आहेत, की त्यांत नवऱ्याचे ध्येय, बायकोचे हाल आणि दोघांचे प्रेम एकाच वाक्यात खेळते. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत पतीच्या इच्छेत आपली इच्छा विरघळवण्याचे जे सुख आहे, ते तितक्याच प्रामाणिकपणे अन्यत्र सापडणार नाही. कर्व्यांच्या घरातल्या तिघांपैकी एकाचेही पुस्तक एकटे घेतले तर या दोहोंच्या पंक्तीला बसेल की नाही, याची मला शंका आहे. 'आत्मवृत्त' कोरडे आहे, 'पुराण' विस्कळीत आहे, 'कहाणी' उपदेशाने जड झाली आहे. पण ती तिन्ही एकापुढे एक ठेवली की एकाच ध्येयाभोवती उभी असलेली तीन माणसे दिसतात: ज्याला ते सुचले तो, जिने ते आपले म्हणून उचलले ती, आणि जिच्या चुलीवरून ते रोज ओलांडून गेले ती. अशी तिहेरी साक्ष एका छपराखालून आलेली मला दुसऱ्या कुठल्या घराची माहीत नाही. कुणा प्रकाशकाने ही तिन्ही एका बांधणीत काढावीत, असे फार दिवस मनात आहे. क्रमाविषयीही माझे मत ठरलेले आहे. आधी 'पुराण', मग 'कहाणी', शेवटी 'आत्मवृत्त'. या क्रमाने गेले म्हणजे चिखलातून हिंगण्याकडे चाललेले कर्वे दिसतात तेव्हा त्यांच्यामागे घरात कोण उरले आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असते, आणि त्या सपाट, अलंकारहीन वाक्यांना एकाएकी वजन येते.

सूनबाईंनी मात्र माझा क्रम मोडला. 'पुराण' त्यांनी दोन रात्रींत संपवले आणि मला परत न करता सासूबाईंच्या हाती दिले. आता आमच्या आळीत दुपारच्या वेळी ओसरीवर त्याचे वाचन चालते. सूनबाई वाचतात, सासूबाई गव्हातले खडे निवडतात आणि मधूनमधून बायांची बाजू घेऊन कर्व्यांना बोल लावतात. विम्याच्या पॉलिसीचे पान तर त्यांनी दोनदा वाचून घेतले. भाकऱ्यांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. परीक्षेचा अर्ज भरलेला आहे.